की मघाशी बरं होतं?

रावपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात
दिवसभर मी परक्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत असते.
आता दिसतंय?
की मघाशी बरं होतं?
लोक गोंधळतात. काही संकोचून खोटंच सांगतात.
मी पुन्हा आधीचं भिंग लावते.

कृत्तिका साडेतीन वर्षांची होती तेव्हा
घरी आल्या आल्या मला खोलीच्या मधोमध उभं करायची,
स्वतःचे डोळे गच्च मिटायची
आणि म्हणायची, आता मी तुला दिसत नाही.
तिचे मळके पाय,
फ्रॉकवर सांडलेला सेव-उसळीचा तिखट रस्सा,
सगळं माझ्यापुढे ढळढळीत.
कुठे गेली बाई, म्हणत मी पलंगाखाली वाकायचे.
तेव्हा साऱ्या जगाला मिळून एकच डोकं होतं
आणि ते तिच्या मानेवर होतं.

दहेजहून तिच्या बाबाचा फोन यायचा.
जेवलीस का?
ती मान हलवायची.
हॅलो? अगं, जेवलीस का?
ती आणखी जोरात,
शेंड्या गालांवर आपटेपर्यंत,
आणि मग माझ्याकडे बघायची:
बाबाला एवढं साधं दिसत कसं नाही?

चंद्राचं भांडण त्यानंतरचं.
मांडवीपासून स्कूटरच्या मागे मागे आलेला चंद्र
आपल्याच गच्चीवर उतरला, हे तिचं म्हणणं.
समोरचा ध्वनिल सांगत होता
तो त्यांच्या रिक्षामागून हरणीला गेला, मामाकडे.
भांडण गुजरातीत झालं,
रडणं घरी येऊन मराठीत.
झोपताना म्हणाली, दोन असतील.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
चार दिवसांनी शाळेची घाई,
एक चप्पल सापडत नव्हती,
तिथेच ओणवी असताना म्हणाली,
की तो कुठे जातच नसेल. आपणच जात असू.
कुणी सांगितलं तुला?
कुणी नाही.
दुसरी चप्पल पायरीवर होती.

ताक मात्र मी शिकवायला गेले होते.
पसरट वाटीतलं उंच पेल्यात ओतलं,
जास्त झालं, म्हणाली.
परत वाटीत,
कमी झालं.
दहादा दाखवलं. ती हसत राहिली, मीच थकले.
खरं सांगायचं तर सोयीचंही होतं ते,
अर्धं दूध पेल्यात भरून
भरपूर म्हणून खपवता यायचं.
मग एका मे महिन्यात, काही न शिकवता,
माझ्याकडे जरा कीव करून बघत ती म्हणाली,
तेवढंच आहे गं. तू वर काही घातलंस का?

आणि त्याच सुट्टीत
दुकानाचा नमुन्याचा चष्मा फुटला.
मांजर आली होती, ती म्हणाली.
तिसऱ्या मजल्यावर, बंद खिडकीतून.
मी रागावले. रागवायचं असतं म्हणून.
रात्री पंख्याखाली जागी पडून होते,
पोर खोटं बोलली याचं दुःख शोधत,
आणि हाताला भलतंच लागलं.
तिला कळलं होतं
की तिच्या डोक्यातलं माझ्या डोक्यात आपोआप येत नाही.
मध्ये दार आहे.
कडी तिच्या बाजूने.
कुठे गेली बाई, असं आता खरोखर विचारावं लागणार होतं.

परवाचा फोन.
प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चाललीय,
या रविवारीही जमणार नाही,
हे त्याने आधी मला सांगितलं, मग तिला मागितलं.
मी ओट्याशी पाठ करून उभी.
आई काय करतेय गं?
ती गप्प झाली.
मान हलवली नाही, डोळे मिटले नाहीत.
माझ्या पाठीकडे बघत राहिली असावी,
काचेवरचं सगळ्यात खालचं, बारीक अक्षर
वाचतात तशी.

कांदा चिरतेय, म्हणाली.
डोळ्यांत पाणी आलंय तिच्या, मग करेल फोन.

फोन ठेवला.
टोपलीतला एक कांदा काढला
आणि काही न बोलता
माझ्यापुढे, सुरीशेजारी ठेवला.